रसायनाच्या तासाला गणित: वाचन, सरासरी, मोल आणि आलेख कसे शिकवायचे?

शंकुपात्र (धागाकर्ता)

व्यस्तचलनाची उदाहरणं पटापट सोडवणारी मुलं थायोसल्फेटच्या प्रयोगाचा आलेख काढताना अडतात. मोलचं (मोल म्हणजे पदार्थाचे कण मोजायचं एकक) सूत्र तोंडपाठ असतं, पण मिलीलिटरचं लिटर करायचं राहून जातं. गणिताच्या पुस्तकातला आकडा छापून आलेला असतो, त्याच्यावर शंका घ्यायची नसते. प्रयोगवहीतला आकडा कुणीतरी, कुठल्यातरी उपकरणावर, डोळ्यांनी वाचलेला असतो. बहुतेक चुका या फरकातून निघतात असं माझं ठाम मत आहे. म्हणून गणिताचा वेगळा पाठ घेण्यापेक्षा जे कौशल्य ज्या प्रयोगात लागतं ते त्याच टेबलावर शिकवावं.

या धाग्यावर नेमकं लिहूया: कोणता प्रयोग, किती प्रमाण, मुलं कुठे चुकतात आणि का. सुरुवात अनुमापनापासून, म्हणजे एका द्रावणाला दुसरं किती लागतं ते मोजून संहती काढण्यापासून.

ब्युरेटवर (खाली तोटी असलेल्या उभ्या मोजनळीवर) ०.१ मि.ली.च्या खुणा असतात. पातळी खुणेवर आहे की दोन खुणांच्या मध्ये, एवढं डोळ्याला ठरवता येतं. म्हणून वाचन ०.०५ पर्यंत लिहायचं: २४.३० किंवा २४.३५. नुसतं २४.३ लिहिलं तर मधली जागा पाहिली होती की नाही हे वाचणाऱ्याला कळत नाही. 'शेवटचं शून्य खोडू नका' असं दहा वेळा बजावण्यापेक्षा हे कारण एकदा सांगितलं की शून्य टिकतं.

दुसरी चूक दिशेची. मोजपात्राचे आकडे खालून वर वाढतात, ब्युरेटचे वरून खाली. सवयीने मुलं २५ च्या खुणेपासून वर मोजतात आणि २४.६० च्या जागी २५.४० लिहितात. फळ्यावर ब्युरेटचा फक्त २४ ते २५ हा तुकडा हातभर उंच काढा, पाच ठिकाणी पातळी दाखवा, पाच वाचनं लिहून घ्या. थेंबभर द्रावण न वापरता दहा मिनिटांत काम होतं.

आता सरासरी. समजा चार वेळा लागलेलं आम्ल असं आहे: २५.१० (पहिलं, अंदाजाचं), २४.३५, २४.८०, २४.४५. मुलं चौघांची बेरीज करून चाराने भागतात आणि २४.६७५ लिहितात. अंदाजाचं वाचन सरासरीत घ्यायचंच नसतं, आणि २४.८० बाकीच्यांशी जुळत नाही. एकमेकांच्या ०.१० मि.ली.च्या आत असलेली दोनच: २४.३५ आणि २४.४५. सरासरी २४.४०. पिपेटने २५.० मि.ली. सोडियम हायड्रॉक्साइड घेतलं असेल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल ०.१०० मोलर (एका लिटरमध्ये ०.१०० मोल) असेल, तर सोडियम हायड्रॉक्साइडची संहती ०.०९७६ मोलर येते. चौघांच्या सरासरीने ०.०९८७ आली असती. म्हणजे हाताने नीट केलेल्या प्रयोगात भागाकाराने एक टक्क्याहून जास्त चूक घातली.

२४.८० मात्र तक्त्यातून खोडायचं नाही. ते तिथेच राहील, सरासरीत घेतलेल्या वाचनांपुढे बरोबरची खूण करायची.

---

तिसरा_दशांश

शून्याच्या मुद्द्याला जोडून. गणितात 'उत्तर दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत द्या' असं सांगितलेलं असतं, ती सवय मुलं इथे घेऊन येतात. वरच्याच उदाहरणात आम्लाचे मोल येतात ०.००२४४. तीन दशांश स्थळं धरली तर उरतं ०.००२. ते ०.०२५० ने भागलं की संहती ०.०८ मोलर! खरं उत्तर ०.०९७६. सूत्र बरोबर, मांडणी बरोबर, बटणं बरोबर, आणि उत्तर अठरा टक्क्यांनी कमी.

म्हणून 'दशांश स्थळं' आणि 'सार्थ अंक' (मोजमापातून खरोखर कळलेले अंक) हे दोन शब्द एकाच दिवशी, शेजारीशेजारी शिकवा. ०.००२४४ मध्ये दशांश स्थळं पाच, सार्थ अंक तीन. सुरुवातीची शून्यं फक्त जागा धरून असतात, मोजली जात नाहीत. दशांशचिन्हापुढची शेवटची शून्यं मोजली जातात, म्हणून २५.० मध्ये तीन सार्थ अंक आणि २५ मध्ये दोन.

नियम दोनच पुरतात. एक: मधल्या पायरीत पूर्णांकन करायचं नाही, कॅल्क्युलेटरवरचे अंक तसेच पुढे न्यायचे. दोन: गुणाकार-भागाकाराचं शेवटचं उत्तर सगळ्यात कमी सार्थ अंक असलेल्या मोजमापाइतक्याच अंकांत लिहायचं. बेरीज-वजाबाकीला दशांश स्थळं पाहायची, तो भाग तराजूचा प्रयोग येईल तेव्हा सांगितला तरी चालतो.

आणखी एक बारीक गोष्ट कॅल्क्युलेटरची. घाताचं बटण दाबलं की 'गुणिले दहाचा' हा भाग त्यातच येतो. एका मोलमधल्या कणांची संख्या भरताना मुलं ६.०२ गुणिले १० दाबून मग घाताचं बटण आणि २३ दाबतात. उत्तर दहापट येतं. आकडा एवढा मोठा असतो की दहापट झालेलं कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून उत्तराचा घात आधी हाताने काढून कोपऱ्यात लिहायला लावा.

---

आलेखवही

थायोसल्फेटवर लिहायचं होतंच. थायोसल्फेट आणि आम्लातून गंधक साचून खालच्या कागदावर काढलेली फुली दिसेनाशी होईपर्यंतचा वेळ मोजायचा, हा प्रयोग आलेख शिकवायला फार चांगला आहे, कारण यात एकाच मोजमापातून एक वक्र आणि एक सरळ रेषा अशा दोन्ही निघतात.

सोडियम थायोसल्फेट ०.२ मोलर, हायड्रोक्लोरिक आम्ल २ मोलर, दर वेळी आम्ल ५ मि.ली. शंकुपात्रात आधी थायोसल्फेट आणि पाणी, आम्ल शेवटी, आणि आम्ल पडताक्षणी घड्याळ सुरू. नमुन्याचे आकडे असे:

थायोसल्फेट (मि.ली.) | पाणी (मि.ली.) | वेळ (सेकंद) | १००० ÷ वेळ
५० | ० | २२ | ४५.५
४० | १० | २८ | ३५.७
३० | २० | ३७ | २७.०
२० | ३० | ५६ | १७.९
१० | ४० | ११३ | ८.८

पाणी कशाला, हा प्रश्न मुलांना विचाराच. एकूण आकारमान प्रत्येक वेळी ५५ मि.ली. राहतं, म्हणून थायोसल्फेटचं आकारमान हेच संहतीचं माप म्हणून वापरता येतं. शिवाय फुलीवरच्या द्रवाची उंची तीच राहते. पाणी घातलं नाही तर थायोसल्फेटची संहती थोडीच घटते, आम्लाची वाढते आणि थर पातळ होतो. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्यावर आलेखाला अर्थ उरत नाही.

आडव्या अक्षावर थायोसल्फेट, उभ्या अक्षावर वेळ घेतला की खाली उतरत जाणारा वक्र मिळतो. मुलं इथेच थांबतात आणि 'संहती वाढली की वेळ कमी होतो' असं लिहितात. वेग मात्र अजून आलेखावर आलेलाच नाही. तेवढाच गंधक साचायला जितका जास्त वेळ, तितका वेग कमी. म्हणून वेगाचं माप १ ÷ वेळ. ०.०४५५ असले आकडे अक्षावर मांडताना गोंधळ होतो, म्हणून १००० ÷ वेळ. हा स्तंभ उभ्या अक्षावर घेतला की रेषा सरळ येते.

अक्षांच्या प्रमाणाबद्दल एवढंच: एका मोठ्या चौकोनाला १, २, ५ किंवा त्यांची दहापट. ३ किंवा ७ धरलं की मधले बिंदू हमखास चुकतात. आणि रेषा बिंदू जोडत काढायची नाही. पारदर्शक पट्टी ठेवून बिंदू दोन्ही बाजूंना सारखे वाटले जातील अशी एकच रेषा.

यात सल्फर डायऑक्साइड निघतो. खिडक्या उघड्या, दम्याच्या मुलांना वायूपासून लांब, आणि झालेलं मिश्रण लगेच सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात ओतायचं.

---

गणिताचा_तास

गणित शिकवणाऱ्यांच्या बाजूने थोडं. वरच्या तक्त्यात पहिला आणि तिसरा स्तंभ गुणून पाहा: ११००, ११२०, १११०, ११२०, ११३०. गुणाकार जवळपास स्थिर, म्हणजे हे व्यस्तचलन. मुलांना हा शब्द आणि ही कसोटी आधीपासून माहीत असते. रसायनाच्या तासाला तो शब्द कुणी उच्चारत नाही एवढीच अडचण. तसंच, गणितात आम्ही 'मध्य' म्हणतो, तुम्ही 'सरासरी' म्हणता. आम्ही रेषेचा 'चढ' म्हणतो, प्रयोगवहीत त्यालाच 'उतार' म्हटलेलं दिसतं. आमच्याकडे अक्ष क्ष आणि य, तुमच्याकडे वेळ आणि आकारमान. दोन्ही शिक्षकांनी एकत्र बसून वीसेक शब्दांची यादी केली तरी बराच अडथळा दूर होईल.

एक प्रश्न आहे. ही रेषा शून्यातून न्यायची की नाही? आमच्याकडे समचलन म्हटलं की ती शून्यातून जातेच.

---

आलेखवही

आधी पट्टी बिंदूंवर ठेवायची, शून्याकडे बघायचंच नाही. रेषा काढून झाली की विचारायचं: थायोसल्फेट नसेल तर गंधक येईल का? नाही. म्हणजे शून्यातून जायला रासायनिक कारण आहे. मग आपली रेषा शून्याच्या किती जवळ गेली ते पाहायचं. बरीच लांब गेली तर कारण शोधायचं, रेषा वाकवायची नाही.

नेहमी दिसणारं एक कारण: घड्याळ थांबवायला दर वेळी एकदोन सेकंद उशीर होतो. तेवढा उशीर ११३ सेकंदांत हरवून जातो, २२ सेकंदांत मात्र नऊ टक्क्यांपर्यंत जातो. त्यामुळे जास्त संहतीकडचे बिंदू रेषेच्या खाली झुकतात.

---

तिसरा_दशांश

मग त्या तक्त्यात ४५.५ कसं चालेल? २२ सेकंदांत दोनच सार्थ अंक आहेत. वेळ २१ ते २३ मध्ये कुठेही असेल तर १००० ÷ वेळ हे ४७.६ ते ४३.५ पर्यंत हलतं. तिथे ४५ एवढंच लिहायला हवं.

---

आलेखवही

मान्य. शेवटी मांडताना दोनच अंक हवेत. तक्त्यात एक जास्तीचा अंक ठेवला तो आलेखावर बिंदू मांडण्यापुरता, पण मुलांना तसं स्पष्ट सांगायला हवं. उलट तुमचं हे गणितच वर्गात करून घेण्यासारखं आहे: २१ आणि २३ साठी दोन उत्तरं काढायची आणि बिंदूवर तेवढ्या उंचीची छोटी उभी रेघ मारायची. पहिल्या बिंदूची रेघ चांगली उंच दिसते, शेवटच्याची दिसतसुद्धा नाही. शंका डोळ्यांना दिसते.

---

ताजवा

मोलच्या गणिताकडे वळतो. त्रिकोणात वस्तुमान वर, मोल आणि रेणुवस्तुमान खाली, बोटाने एक झाकायचं आणि उरलेलं करायचं, ही पद्धत सगळीकडे शिकवली जाते. ती बंद करावी असं मला वाटतं. त्रिकोणात एकक दिसत नाही, प्रमाण दिसत नाही. मुलगा त्रिकोण उलटा आठवतो आणि ५८.५ ला ११.७ ने भागून ५ मोल लिहितो. चमचाभर मीठ पाच मोल कसं असेल, हा विचार करायला त्रिकोणात जागाच नसते.

आपल्याकडे त्रैराशिक आहे की! १ मोल मिठाला ५८.५ ग्रॅम, तर ११.७ ग्रॅमला किती मोल? ५८.५ पेक्षा कमी वस्तुमान, म्हणजे उत्तर १ पेक्षा कमी. इतकं कळल्यावरच आकडेमोड: ०.२०० मोल.

अभिक्रियेच्या गुणोत्तरालाही हेच चालतं. सोडियम कार्बोनेट आणि हायड्रोक्लोरिक आम्ल १ : २. कार्बोनेट ०.०५०० मोलर, २५.० मि.ली., म्हणजे ०.००१२५ मोल. इथे 'दोनाने गुणू की भागू' असं मुलं विचारतात. दोन ओळी मांडा:

कार्बोनेट : आम्ल
१ : २
०.००१२५ : ?

डावीकडून उजवीकडे दुप्पट, म्हणून ०.००२५०. यात आठवायचं काही उरत नाही.

---

शंकुपात्र

त्रैराशिकाला पूर्ण पाठिंबा, फक्त त्रिकोण एका फटक्यात काढून घेऊ नका. ज्यांची आकडेमोड त्याच्यावरच उभी आहे ती मुलं परीक्षेच्या तोंडावर कोलमडतात. नव्या वर्गाला त्रिकोण शिकवूच नये. जुन्यांना त्रिकोणाच्या शेजारी त्रैराशिक मांडायला लावावं, दोन्ही उत्तरं जुळली पाहिजेत. चूक कुठली आहे ते मुलांना आपोआप सापडतं.

---

मूस_आणि_चिमटा

तराजूचा विषय निघालाच आहे तर मॅग्नेशियम ऑक्साइडचा प्रयोग: मॅग्नेशियम मुशीत (तापवायच्या भांड्यात) जाळायचं आणि वाढलेल्या वस्तुमानावरून ऑक्साइडचं सूत्र काढायचं. एका गटाचे आकडे:

झाकणासह रिकामी मूस २४.३६ ग्रॅम
मॅग्नेशियमसह २४.६० ग्रॅम
तापवून, थंड करून २४.७६ ग्रॅम

मॅग्नेशियम ०.२४, ऑक्सिजन ०.१६. भागिले त्यांची अणुवस्तुमानं, २४.३ आणि १६.०: ०.००९९ आणि ०.०१००. गुणोत्तर १ : १. छान दिसतं, पण हे दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून आलेले लहान आकडे आहेत. तराजू ०.०१ ग्रॅमचा, प्रत्येक वाचनात ±०.०१ धरलं तर फरकात ±०.०२. ऑक्सिजन ०.१४ ते ०.१८ मध्ये कुठेही. १६ मध्ये २ म्हणजे साडेबारा टक्के! एका गटाच्या आकड्यावरून सूत्र सिद्ध झालं असं म्हणायला आधार नाही.

म्हणून प्रत्येक गटाला वेगळं मॅग्नेशियम द्या, ०.१५ ते ०.४० ग्रॅमच्या दरम्यान, आणि सगळ्या वर्गाचे बिंदू एकाच आलेखावर मांडा. आडवा अक्ष मॅग्नेशियम, उभा अक्ष ऑक्सिजन. सूत्रानुसार चढ १६.० ÷ २४.३, म्हणजे ०.६६ यायला हवा. ती रेषा वेगळ्या रंगाने काढून ठेवा आणि कुणाचा बिंदू रेषेच्या कुठल्या बाजूला पडला ते पाहा.

खाली पडला तर: झाकण जास्त वेळ उघडं राहून पांढरा धूर निसटला, किंवा मॅग्नेशियम पुरतं जळलं नाही, किंवा थोडं नायट्राइड झालं. नायट्राइडमध्ये तेवढ्याच मॅग्नेशियमला वस्तुमानाची वाढ कमी मिळते. मूस गार झाल्यावर दोनचार थेंब पाणी घालून पुन्हा तापवलं की त्याचं ऑक्साइड होतं. गरम मूस तराजूवर ठेवली तरी वर जाणाऱ्या हवेमुळे वस्तुमान कमी दिसतं. वर पडला तर बहुधा तेच पाणी पुरतं निघालेलं नाही. तापवणं, थंड करणं, तोलणं हे लागोपाठची दोन वाचनं सारखी येईपर्यंत करायचं.

'मानवी चूक झाली' असं वाक्य वहीत स्वीकारूच नका. कुठली चूक, आणि तिने आकडा वर जाईल की खाली, हे दोन्ही लिहिलं तरच गुण.

---

स्पर्शिका

शेवटचं वाक्य फार पटलं.

मॅग्नेशियम आणि आम्लाच्या अभिक्रियेत जमा होणाऱ्या हायड्रोजनचा आलेख घ्या. ३० सेकंदांना ४० मि.ली. वायू, शेवटी ६० मि.ली.वर आडवा होणारा वक्र. '३० व्या सेकंदाचा वेग काढा' म्हटलं की मुलं ४० ÷ ३० करून १.३३ लिहितात. तो शून्यापासून ३० सेकंदांपर्यंतचा सरासरी वेग झाला. त्या क्षणाचा वेग हवा असेल तर त्या बिंदूला स्पर्शिका. ती लांब ओढली की समजा (०, १८) आणि (६०, ६२) मधून जाते. चढ: ४४ ÷ ६०, म्हणजे ०.७३ मि.ली. प्रति सेकंद. जवळपास निम्मा!

स्पर्शिका काढताना छोटा सपाट आरसा वक्रावर उभा धरावा. वक्र आरशात मोडल्याशिवाय पुढे गेल्यासारखा दिसला की आरशाच्या कडेने रेघ मारायची, आणि त्या रेघेला काटकोनात स्पर्शिका. चढ काढायचा त्रिकोण निम्म्या कागदाएवढा तरी हवा; लहान त्रिकोणात अर्ध्या मिलिमीटरची चूकही मोठी होते.

संगणकावर आलेख काढणाऱ्यांसाठी: स्प्रेडशीटमध्ये 'लाइन' चार्ट निवडू नका, 'स्कॅटर' निवडा. लाइन चार्ट आडव्या अक्षावरचे आकडे नुसत्या नावांसारखे समान अंतरावर मांडतो. वाचनं ०, १०, २०, ३०, ६०, १२० सेकंदांना घेतली असतील तर वक्राचा आकारच बदलतो आणि वेग चुकीचा दिसतो. दुसरं म्हणजे २४.३० चं तो २४.३ करतो, त्या स्तंभाला दोन दशांश स्थळं आधीच ठरवून द्यावी लागतात.

---

ताजवा

मोजमापातली शंका टक्क्यांत काढून पुढे काय, असं मुलं विचारतात. त्याचं उत्तर उष्णतेच्या प्रयोगात मिळतं. ०.२ मोलर कॉपर सल्फेट ५० मि.ली. आणि जास्तीची जस्तपूड. तापमान साधारण १० अंशांनी वाढतं. तापमापी १ अंशाच्या खुणांची, प्रत्येक वाचनात ±०.५, दोन वाचनांच्या फरकात ±१. म्हणजे दहा टक्के. मोजपात्र ५० ला ±०.५, म्हणजे एक टक्का. आता विचारा: एकच उपकरण बदलायचं असेल तर कोणतं? मोजपात्राऐवजी पिपेट घ्यायला धावणारी मुलं इथे थांबतात आणि ०.१ अंशाची तापमापी मागतात.

---

गणिताचा_तास

आणि सामू (pH, आम्लतेचं माप)? लॉगरिदम आमच्याकडे उशिरा येतो, तुमच्याकडे आम्ल-आम्लारी लवकर.

---

शंकुपात्र

लॉगशिवाय भागतं. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचे १० मि.ली. घ्या, एकूण १०० मि.ली. होईल इतकं पाणी घाला. सामू १ वरून २. पुन्हा तसंच केलं की ३. दहापट विरल, सामू एकाने जास्त, एवढं पुरे. मुलं १० मि.ली. आम्लात १०० मि.ली. पाणी ओततात, ते अकरापट झालं, हे मात्र दाखवून द्या. पुढे लॉग आला की मग विचारायचं: दुप्पटच विरल केलं तर? १.५ असं उत्तर येतं. खरं आहे १.३.

तक्ता कुणी आखायचा यावर कुणी लिहिलं नाही म्हणून भर घालतो. छापील तक्ता कायम दिला तर मुलं चौकटी भरायला शिकतात, तक्ता करायला नाही. पहिल्या प्रयोगाला पूर्ण तक्ता द्या. दुसऱ्याला स्तंभ आखलेले, पण शीर्षकं आणि एककं मुलांनी लिहायची. तिसऱ्याला कोरा कागद, आणि प्रयोगाआधी पाच मिनिटं: काय बदलणार, काय मोजणार, किती वेळा मोजणार. एकक फक्त शीर्षकात, चौकटीत नुसता आकडा. चौकटीत '२२ से.' लिहायची सवय लागली की स्प्रेडशीटमध्येही तसंच भरलं जातं, आणि ते त्याला आकडा न मानता मजकूर समजतं, मग आलेख बरोबर येत नाही.